सारी चाळ पोटात घेऊन

आज मी कोकणातल्या एका डोंगरवाडीत, फणसाच्या सावलीत उभी आहे. माझे इंजिन हळूहळू निवत आहे, आणि मनही. जिथवर आजपर्यंत एकही चाक पोहोचले नव्हते, तिथे लालबागची एक मालवाहू व्हॅन कशी आली, हे मी स्वतःच सांगितलेले बरे. धोंडूवर सोपवले, तर कमानीची हकीकत तो खचित गाळील.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझे सारे बळ मागच्या दोन चाकांत होते. पुढची दोन केवळ वळण्यापुरती. गिरगावातले पुस्तकविक्रेते शरच्चंद्र हे माझे पहिले मालक. गिरणी बंद पडल्यावर धोंडू त्यांच्याकडे चालक म्हणून लागला. गिरणीत तो फिटर होता, त्यामुळे माझ्या पोटातला आवाज जरा बदलला तरी त्याचे कान टवकारत. शाळाशाळांतून पुस्तकांचे गठ्ठे पोहोचवत आम्ही दोघे पिकत गेलो.

दुकान कायमचे बंद झाले त्या दिवशी शरच्चंद्र म्हणाले, "धोंडू, हिला तूच ने. माझ्या दारात ही गंजेल. तुझ्याकडे निदान हिच्याशी कोणी दोन शब्द बोलेल."

अशी मी लालबागच्या चाळीत आले. तिथे गंजले मात्र थोडीफार. धोंडूचे वय झाले, फेऱ्या थांबल्या. चाळीतल्या बायका माझ्या टपावर मसाल्याच्या मिरच्या वाळवीत. उन्हाळाभर मला शिंका आवराव्या लागत. भंगारवाला अंगणात डोकावला की माझ्या पत्र्याला कापरे भरे.

धोंडूची बायको रमाबाई तेव्हा घरातच असे. तिचे गुडघे धरले होते. पाय लांब करूनच ती बसू शके. तिची थोरली बहीण भागीरथी इथे, या वाडीत खाटेला खिळलेली, आणि तिची दृष्टी मंदावत चाललेली. एका संध्याकाळी तिचा फोन आला. रमाबाईचे कान जड, म्हणून बोलणे मोठ्या आवाजात लावलेले असे. अंगणात मलाही ऐकू आले.

"रमा, डोळे पुरते मिटायच्या आधी एकदा तोंड दाखव गो. मोबाईलात तुझा तोंड तांदळाच्या दाण्याएवढा दिसता."

वाडीखालच्या ओहोळापर्यंत रस्ता आहे. पुढे नुसती चढण, तांबडी माती आणि सुटे जांभे दगड. वाडीचे लोक आजाऱ्याला डोलीत घालून चौघांच्या खांद्यावरून वर नेतात. धोंडूने तसे सुचवले मात्र, रमाबाईने पदर खोचला.

"जित्यापणी मी चौघांच्या खांद्यार चढान जावचंय नाय. त्येका अजून येळ आसा."

जीपगाडीत तिला पाय लांब करता आले नसते. माझे पोट मात्र ऐसपैस. गादी घातली की झाले. अडचण एकच. त्या चढणीवर मागच्या दोन चाकांनी नुसती माती उधळली असती. चारही चाकांनी जमीन धरायला हवी होती.

माझगावचा रघु मेकॅनिक हा धोंडूचा जुना दोस्त. त्याने माझ्याखाली डोके घातले आणि म्हणाला, "होईल. पण येडेपणा आहे, धोंडू."

"येडेपणा मी बघतो. तू होईल ते सांग."

परिवहन खात्याची रीतसर परवानगी काढण्यात आली. रघुने मोडीत निघालेल्या एका जीपचा पुढचा आस आणला. आता पुढच्या चाकांनाही फिरण्याची शक्ती मिळणार होती. इंजिनाचे बळ दोन्हीकडे वाटणारी दांतेरी चाकांची पेटी मधोमध बसली. खडकांवर पोट घासू नये म्हणून स्प्रिंगचे जाड पाटे आणि थोराड टायर घालून मला उंच केले. रघुच्या गॅरेजात जागा नव्हती, म्हणून हे सारे अंगणातच झाले. धोंडू स्वतः रोज पाना घेऊन बसे. ज्या वयात माणसांचे दात काढतात, त्या वयात मला नवे पाय फुटत होते.

निघण्याची सकाळ उजाडली. नारळ फुटला. रमाबाई गादीवर पाय लांब करून बसली. मांडीवर बहिणीसाठी चिवड्याची पिशवी. धोंडूने गिअर टाकला, मी दिमाखात पुढे झाले, आणि चाळीच्या कमानीला माझा टप करकरत अडला. चार बोटांनी मी उंच झाले होते.

हे कोणाकडून घडावे? धोंडूकडून. दरवर्षी मंडळाची गणेशमूर्ती कारखान्यातून निघाली की हातात बांबू घेऊन पुढे चालणारा, रस्त्यातली तार न् तार मोजून उचलणारा धोंडू. मात्र मूर्तीचा मांडव चाळीबाहेर, रस्त्यावर. चाळीची कमान मोजण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

मंडळाचे चिटणीस शामराव दात घासत बाहेर आले. "अख्ख्या लालबागची उंची मोजतोस रे, आणि आपल्याच घराचं दार राहिलं?"

कोणी हसले, कोणी कमान तासायचे म्हणाले. पण तिच्या डोक्यावर दोन मजले उभे. तिला हात कोण लावणार? रघुने मान हलवली. "सगळं खोलावं लागेल. पुन्हा कधी जमेल, सांगता येत नाही." धोंडू पायरीवर मटकन बसला. त्याने रमाबाईकडे पाहिले नाही. माझी नवी चारही चाके त्या क्षणी मला लाकडाची वाटली.

आतून रमाबाईचा आवाज आला. "अवो, गावच्या यष्टीत माणसां भरली की यष्टी खाली बसता मा? मगे हीका बसवा. भरा माणसां."

मग शामरावांनी मंजन थुंकले आणि वर पाहून हाक दिली, "चला रे, खाली या सगळे. वजनदार माणसं आधी."

"मग तुम्हीच चढा पहिले," वरच्या मजल्यावरून कोणीतरी म्हणाले.

रघुने टायरांतली हवा सोडली. आणि चाळ माझ्यात चढू लागली. आज्या, कारकून, टपावर मिरच्या वाळवणाऱ्या बायका. पाटे कण्हले. मी बसले, आणखी बसले. बाहेर उरलेल्यांनी ढकलले, धोंडू बांबू घेऊन पुढे झाला आणि मूर्तीला म्हणतो तसेच म्हणाला, "सावकाश. सावकाश. आली." कमानीने माझ्या टपाला जेमतेम स्पर्श केला आणि सोडून दिले. इतका मोकळा श्वास मी आयुष्यात घेतला नव्हता.

चाळ खाली उतरली, हवा पुन्हा भरली आणि आम्ही तिघे निघालो. ओहोळाशी धोंडूने चारही चाके जोडणारा दांडा ओढला. पुढच्या चाकांनी प्रथमच जमीन ओढली, मागच्यांनी रेटली. एकदा मी घसरले. धोंडू माझ्याशी हलकेच बोलला, आणि माझी पकड बसली. मग मी थांबले नाही.

भागीरथीची खाट अंगणात आणली होती. तिने रमाबाईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी जवळ नेऊन कितीतरी वेळ पाहिला.

"खांद्यार इलंस?"

"नाय गो. बसान इलंय."

धोंडू माझ्या चाकाला टेकून बसला आहे. त्याने डोळे पुसले, ते धुळीमुळे असावे असे मी धरून चालते.

लालबागकरांनो, उद्या-परवा आम्ही परत येऊ. कमान तीच आहे आणि माझी उंचीही तीच. तेव्हा हॉर्न ऐकू आला की जिने उतरून खाली या. तुम्ही पोटात असल्याशिवाय मला आता घरात शिरता येणार नाही.