सिलेंडरची आंघोळ

लातूर जिल्हा झाला आणि गावाचं नशीब फळफळलं, असं जो तो म्हणत होता. फळफळलं म्हणजे काय झालं, तर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं बिनलग्नाचे कारकून आले आणि त्यांना दोन वेळा भूक लागायला लागली. पाणी तेवढं आलं नाही. पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं, नळ नुसते फुसफुसायचे, आणि टँकर आठ दिवसांतून एकदा गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा. त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट.

शिवकांता आणि तिची सासू पार्वतम्मा, दोघीही विधवा. घरात तिसरं माणूस नाही. आडत बाजारात बारदान्याच्या गोदामावर दोन खोल्या घेऊन शिवकांता चौदा कारकुनांची खानावळ चालवायची. खाली सगळा पोत्यांचा बारदाना, म्हणून चूल पेटवायची मालकाची सक्त मनाई. रॉकेल रेशनवर, तेही मिळालं तर मिळालं. शेवटी जेवायला येणाऱ्या एका साहेबानं खटपट केली आणि गॅस मिळाला. गल्लीतला पहिलाच. बायका देवदर्शनाला आल्यासारख्या बघून गेल्या. शेजारची गुणाबाई म्हणाली, आता काय बाई, धूर न्हाई की राख न्हाई, राणीच झालीस तू.

राणीचं राज्य दिवाळीपर्यंत टिकलं. मग थंडी पडली, आणि पडली ती हाडं फोडणारी. मालकाच्या हट्टापायी सिलेंडर बाहेर पत्र्याच्या गॅलरीत ठेवलेलं. शिवकांता पहाटे पाचला दोन्ही शेगड्या लावायची, कारण नऊच्या आत चौदा जणांचं जेवण उरकायचं असायचं. तासाभरात ज्योत बसायला लागायची. बाहेर जाऊन बघावं तर सिलेंडरला खालून पांढरा बर्फाचा थर. हात लावला तर चटका बसावा इतकं गार. हलवलं तर आत गॅस डुचमळतोय, आणि शेगडीवर ज्योत काजव्याएवढी. पोळ्या कच्च्या, वरणाला उकळी नाही. दोन कारकून बस स्टँडजवळच्या नव्या खानावळीत जेवायला लागले. उरलेले बारा घड्याळाकडं बघत जेवायचे. ते गेले की आपण दोघी उपाशी मरायचो, हे शिवकांताला चांगलं ठाऊक होतं.

पार्वतम्माचा त्या सिलेंडरवर भारी जीव. लेकराला कुडकुडी भरलीय म्हणत तिनं आपली गोधडी त्याच्याभोवती गुंडाळली आणि वरून सुतळी बांधली. स्वतः पोत्याच्या चवाळ्यावर झोपली. दुसऱ्या दिवशी ज्योत अर्ध्या तासातच बसली. एका कारकुनानं सुचवलं, आडवं पाडा. दुसरा म्हणाला, खाली निखाऱ्याची शेगडी सरकवा. शहाणेच सगळे. बरं तर बरं, एजन्सीचा मेकॅनिक त्याच दिवशी आला. निखाऱ्याचं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. आडवं पाडाल तर पातळ गॅस नळीत शिरेल आणि निखारा ठेवाल तर गोदामासकट वर जाल, म्हणाला. गोधडीही काढायला लावली. सिलेंडर बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घेतं, गुंडाळलं की तीही तुटते, असं त्यानं समजावलं. उपाय एकच. रुंद भांड्यात कोमट पाणी घ्यायचं, कढत नाही, आणि त्यात सिलेंडर उभं करायचं. पाणी गार पडलं की बदलायचं.

एवढं रुंद भांडं घरात एकच, पार्वतम्माचं आंघोळीचं घंगाळ. म्हातारीनं ते स्वतःच्या हातानं घासून गॅलरीत नेऊन ठेवलं. दोन बादल्या पाणी ओतलं. ज्योत निळीशार, सरळ. त्या दिवशी पोळ्या अशा फुगल्या की कारकुनांनी एकेक जास्तीची मागितली. शिवकांताला तर रडूच आलं.

पण सुख एवढं सरळ असतं होय? सिलेंडरच्या खालच्या कडीनं घंगाळाचं बूड खरवडून आठवड्यात सांध्याचा डाग उकलला. कल्हईवाल्यानं डांबर फासून दिलं, तरी रोज बादलीभर पाणी गळून जायचंच. आणि घरात रोजचं बादलीभर पाणी म्हणजे पार्वतम्माची आंघोळ.

पार्वतम्मा जुन्या वळणाची लिंगायत. आंघोळ झाल्याशिवाय गळ्यातलं लिंग हातावर घ्यायचं नाही, आणि लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. नवरा गेला त्या दिवशीही तिचा हा नेम चुकला नव्हता. जंगमस्वामींनी तिला सांगून बघितलं होतं की दुष्काळात विभूती लावली तरी आंघोळ झाली असं धरतात. ते दुखणाईतांसाठी, माझे हातपाय चालत्यात, असं म्हणून तिनं स्वामींनाच गप्प केलं होतं.

तरी घंगाळ रोज पहाटे काठोकाठ भरलेलं असायचं. शिवकांता उठायच्या आत म्हातारी पाणी कोमट करून ओतायची. मग मोरीत जायची, पडदा ओढायची, तांब्या दोनदा आपटायची आणि पदराचं टोक ओलं करून बाहेर यायची. जेवायला बस म्हटलं तर म्हणायची, पोरांचं होऊ दे आधी, मी मागून खाते. मागून म्हणजे कधी, हे विचारायला शिवकांताला सवड नसायची. टोपलीत दोन पोळ्या रोज तशाच उरायच्या. टँकर यायचा त्या दिवशी मात्र म्हातारी डोक्यावरून न्हायची, बराच वेळ लिंग हातावर घेऊन बसायची आणि मग पोटभर जेवायची. मधे दुसऱ्या घरून कुणी वाटीभर ताक दिलं तर तेही कारकुनांच्या कढीत जायचं.

शिवकांताला कळलं नाही असं समजू नका. चौथ्याच दिवशी कळलं होतं. मोरीची फरशी कोरडी होती. ती फरशीकडं बघत उभी राहिली, आणि तेवढ्यात जिन्यावर कारकुनांच्या चपला वाजल्या. ती पोळ्या लाटायला बसली. एक दिवस नाही बोललं की दुसऱ्या दिवशी बोलणं अवघड होतं, आणि दहाव्या दिवशी तर जीभच उचलत नाही. तिला स्वतःची लाज वाटायची, अगदी भाजल्यासारखी लाज वाटायची. पण ज्योत निळी होती आणि गेलेले दोघे परत आले होते.

एकदाच तिनं तोंड उघडलं. पौष लागला होता. म्हातारी गॅलरीत घंगाळाशेजारी भिंतीला टेकून बसली होती, गालफडं आत गेलेली.

"आत्याबाई, आंघोळ झाली का?"

पार्वतम्मानं वर बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं, आणि सुनेला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं.

"झाली म्हन," ती म्हणाली, "आन् पोळी लाट."

शिवकांतानं पोळी लाटली.

त्यानंतर नवव्या दिवशी पहाटे पार्वतम्मा गेली. शिवकांता गॅलरीत गेली तेव्हा घंगाळ भरलेलं होतं आणि म्हातारी त्याच्याजवळ आडवी झाली होती. हातात रिकामी बादली. पाणी अजून कोमट होतं.

लिंगायताची मयत. देहाला आंघोळ घालून, विभूती लावून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून बसवायचं असतं. घरात पाण्याचा थेंब नाही, टँकरला तीन दिवस अवकाश. घंगाळातलं पाणी सिलेंडरच्या गंजानं तांबडं झालेलं, ते घालणार कसं? शिवकांता डोक्याला हात लावून बसली. आणि मग जिना वाजायला लागला. गुणाबाई घागर घेऊन आली. तिच्या मागून समोरची, तिच्या मागून कोपऱ्यावरची. अर्ध्या कळशीवरून एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायका, न बोलता घागर ठेवून जात होत्या. मयतीच्या पाण्याला नाही म्हणत नाहीत, ही गल्लीची रीतच. दुपारपर्यंत एकोणीस घागरी झाल्या. बायकांनी पार्वतम्माला अशी आंघोळ घातली की पाणी जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत गेलं. तिच्या एवढ्याशा अंगाला चार घागरीही पुष्कळ झाल्या असत्या.

संध्याकाळी सगळं उरकल्यावर गुणाबाई मागं राहिली. तिला आता सगळं कळलं होतं, म्हातारीला धुताना बरगड्या दिसल्याच होत्या. ती हळूच म्हणाली, "शिवकांते, आधी मागितलं असतंस तर रोज तांब्या-तांब्या आम्ही दिलंच असतं गं."

शिवकांतानं उरलेल्या घागरींवर ताटल्या झाकल्या. मागायला गेलं असतं तर कशाला पाहिजे हे सांगावं लागलं असतं. ते सांगायचं नव्हतं म्हणून ती कुणाच्याच दारात गेली नव्हती.

लिंगायताला सुतक नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती उठली. दोन घागरी उरल्या होत्या. तिनं पाणी कोमट केलं आणि घंगाळात ओतलं. शेगडी पेटवली. ज्योत नऊपर्यंत एकदाही बसली नाही. कारकून मान खाली घालून जेवले, आणि त्यांतला एक उठता उठता सवयीनं म्हणाला, आज पोळ्या झकास झाल्या.