व्हॉल्व्हचा उजेड

ज्योत्स्नाबाईंचा जुना, काचेच्या पेटत्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे त्या घरातलं कायमचं भांडण. त्या गाणं शिकवायच्या. याच्यातून येणारा आवाज उबदार असतो, हा त्यांचा हट्ट. यजमान सुनीलराव निवृत्त इंजिनिअर. ते म्हणायचे, "तुला वाटतं म्हणजे पुरावा नव्हे. मोजून दाखव."

श्रावणात ज्योत्स्नाबाईंच्या भावाला इगतपुरीच्या घरी एक कॅसेट सापडली. त्यांच्या आईची, भिमाबाईंची भजनं. आई जाऊन कैक वर्षं झालेली. गंगापूर रोडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आईचा आवाज उमटला आणि ज्योत्स्नाबाईंना रडू फुटलं.

"अहो, ती श्वास घेते तेसुद्धा ऐकू येतंय! दुसऱ्या कशातून आलं असतं का हे?"

सुनीलराव त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. हल्ली ते रोज संध्याकाळी खुर्ची ओढून शेजारी बसत. म्हातारपणी का होईना, यांना गाण्याची गोडी लागली, असं वाटून त्या मनातून सुखावल्या होत्या.

दसऱ्याला सुनीलरावांचे मित्र जीवन सोनवणे आणि ज्योत्स्नाबाईंची शिष्या निकिता जेवायला होते. बोलता बोलता ज्योत्स्नाबाईंनी कौतुकानं आईची कॅसेट लावली. सुनीलराव हसत उठले. त्यांनी कपाटामागून तळहाताएवढी काळी डबी काढली आणि तिची वायर उपटली. भजन थांबलं. व्हॉल्व्ह मात्र तसेच पेटलेले.

"नागपंचमीपासून आवाज या डबीएवढ्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरमधून येतोय. तुझा तो जुना नुसता दिवा आहे!"

जीवनरावांनी टाळी दिली. निकितानं मान खाली घातली.

"कॅसेट पहिल्यांदा लावली, तेव्हा?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"तेव्हाही हीच. अगं, तोच तर पुरावा! तू रडलीस."

"आणि तुम्ही पाठीवर हात ठेवलात."

जीवनरावांचं हसू मावळलं. सुनीलराव जरा चाचरले. "सांगून केलं असतं, तर त्या चाचणीला काय अर्थ होता?"

"बरोबर आहे तुमचं. मला फरक कळला नाही," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना श्रीखंड वाढू लागल्या.

कान चुकले, याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पण इतके दिवस रोज संध्याकाळी हा माणूस शेजारी बसून गाणं ऐकतच नव्हता. तो त्यांच्याकडे बघत होता. रात्रभर हेच त्यांना टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सुनीलरावांनी वायरी पूर्ववत केल्या. "ज्योत्स्ना, आता जुनाच जोडलाय हं."

"कशावरून?"

त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर फिरवून मागची बाजू दाखवली. वायरी ठीक होत्या. ज्योत्स्नाबाईंनी नीट बघून घेतलं आणि कॅसेट लावली. आईनं पहिली ओळ उचलली. सुनीलराव नेहमीसारखे खुर्ची ओढून शेजारी बसले.

ज्योत्स्नाबाईंनी भजन बंद केलं आणि ते उठून जाईपर्यंत तशाच बसून राहिल्या.