सगळं बेसिकवर

सायकल माझ्या ट्यूशनच्या पैशांतूनच येणार, नवऱ्याचा एक रुपया लागणार नाही, असं मी घरात ठणकावून सांगितलं होतं. लहानपणी नागपूरला सायकल मिळाली ती बळवंतदादाला. मी त्याची चोरून चालवत शिकले आणि पाठीत धपाटे खाल्ले. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी का होईना, माझी ती माझी!

किंमत बारा हजार. सेलची सूट वीस टक्के, शिवाय दहा टक्क्यांचं कूपन. आमचे हे, प्रफुल्लराव, केंद्र सरकारच्या ऑफिसात पगारबिलं काढतात. त्यांनी बसल्याबसल्या सांगितलं, "वीस नि दहा तीस. आठ हजार चारशे." माझ्याकडे बरोबर तेवढेच होते. सेलच्या शेवटच्या दिवशी आम्ही आर. के. पुरमच्या दुकानात पोचलो.

दुकानदार म्हणाला, "आठ हजार छह सौ चालीस."

"काय?"

"पहले बीस. जो बचा, उस पर दस."

म्हणजे कूपन उरलेल्या नऊ हजार सहाशेवर. दोनशे चाळीस कमी पडले! यांनी खिशात हात घातला.

"खबरदार!" मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच जास्त राग आला. "कसला हिशेब केलात हो?"

"अगं, महागाई भत्ता बेसिकवर, घरभाडं बेसिकवर. एक भत्ता धरून झालेल्या रकमेवर दुसरा कधी लागतो का?"

आणि भाजीवाल्याशीही घासाघीस न करणारा हा माणूस चक्क काउंटरवर हात आपटून म्हणाला, "भाईसाब, बेसिक बारह हजार है. दोनों बेसिक पर लगेंगे!"

दुकानदारानं नकारार्थी मान हलवली. पण मागची अख्खी रांग सरकारी क्वार्टरांतली. "बिल्कुल सही!" एक बंगाली काका ओरडले. एका बाईंनी कूपन उलटसुलट करून वाचलं. "इसमें 'बचे हुए पर' कहाँ लिखा है? लिखित ऑर्डर दिखाइए." मग काय, सगळेच ऑर्डर मागू लागले.

दुकानदारानं हात जोडले. "अच्छा बाबा, सबका बेसिक पर!"

टाळ्या पडल्या. मी आठ हजार चारशे मोजून दिले. इतका आनंद झाला की पावती घ्यायचीही विसरले. ती यांनी घेतली.

"रिक्षात टाकूया?" यांनी विचारलं.

"तुम्ही या रिक्षानं."

मी सीटवर बसले. हँडल जरा डगमगलं, मग सरळ झालं. हे ऑफिसच्या बुटांत मागून धावत होते. "भावना, ब्रेक! अगं, ब्रेक!"

ब्रेक कुठे असतो ते मला चांगलं ठाऊक होतं. दाबतंय कोण!