सैल झालेली पँट

बायपास होऊन तीन महिने झाले आणि टेलरसाहेबांचं पथ्य घरभर गाजू लागलं. येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर ते पँटच्या कमरेत दोन बोटं घालून दाखवायचे. "बघा, किती सैल झाली! उकडलेल्या भाज्यांची कमाल."

"जिभेवर ताबा हवा, भावोजी," मेव्हणा कौतुकाने म्हणाला.

बायको मात्र त्या कमरेकडे निरखून बघत होती. तीस वर्षं दुकानातली काज-बटणं तिनेच केली होती. गाल वर येत असताना कंबर आत जात नाही, एवढं तिला कळत होतं. मेव्हणा गेल्यावर तिने पँट काढायला लावली आणि उलटी केली. मागची शिवण उसवून, कंबर सैल करून पुन्हा घातलेली, दोरा कोरा करकरीत आणि खिशात वेफर्सचा चुरा.

"वा! चालायला दम लागतो. दुकानात बसून वेफर्स हादडायला आणि हे उद्योग करायला लागत नाही?"

"अगं, थोडीशीच..."

"दोन इंच! मला फसवाल हो, त्या हृदयाला कसं फसवणार? ऑपरेशन थिएटरच्या दारासमोर मी पुन्हा बसणार नाही, सांगून ठेवते."

तिने मशीनवर पँट जुन्या मापाची केली.

"आता बटण लागणार नाही," ते कुरकुरले.

"मग लागेपर्यंत चादर गुंडाळून फिरायला चला. मी येते सोबत, तोंड झाकून."