बेल्जमचे पेले

साठ साली आमच्या ह्यांना कुवेतच्या सालमियात काचसामानाच्या दुकानात नोकरी लागली आणि जुन्या काचेच्या इतिहासाचं खूळ डोक्यात शिरलं. कुठले कारखाने, कुठली काच कुठे गेली, जेवतानाही तेच! शेवटी एका संध्याकाळी भिंग घेऊन घरच्या कपाटाशीच आले.

कपाटात सासूबाईंचे पेले, गावाहून त्यांच्यासोबत आलेले. आजेसासऱ्यांनी गलबतातून रत्नागिरीला आणलेले, खास बेल्जमचे. म्हणून ते फक्त पाहुण्यांना. सून थोडीच पाहुणी? मी कुवेतला आल्यापासून जॅमच्या रिकाम्या बरणीतून चहा पीत होते.

ह्यांनी पेला उलटा केला. तळाशी मुंबईच्या कारखान्याचा शिक्का!

"अम्मा, हे तर आपल्याकडचेच!"

मला हसू आवरेना. मग ह्यांनी माझी चहाने भरलेली बरणी डोक्यावर धरून तळ वाचला. "आणि ही बघा, अस्सल विलायती!"

सासूबाई उठल्या. बरणीतला चहा एका पेल्यात ओतून त्यांनी माझ्यापुढे सरकवला, बरणी धुतली, पदराने पुसली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"पाहुण्यांना होईल," म्हणाल्या.