पाना सोडू नका, दाजी

मेव्हण्याचं स्वतःचं गॅरेज असणं, यासारखं भाग्य गाडीवाल्या माणसाच्या वाट्याला दुसरं येत नाही. इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात नोकरीला असलेला जालिंदर हे भाग्य कित्येक वर्षं भोगत होता, आणि आज काहीही झालं तरी त्यातून सुटायचं, असं ठरवून बायकोला घेऊन पाटणला आला होता.

प्रबुद्ध, म्हणजे अंजनाचा धाकटा भाऊ, दाजींच्या गाडीचे पैसे घेत नसे. इथपर्यंत कुणालाही हेवा वाटेल. पण पैसे न घेणाऱ्याला ‘गाडी कधी देणार’ असं विचारता येत नाही, ‘तेल अजून गळतंय’ असं म्हणता येत नाही, आणि ‘ट्रायलला नेली हुती’ असं तो म्हणाला, तर ट्रायल कोयनानगरपर्यंत कशाला आणि सोबत तीन मावश्या कशाला, हेही काढता येत नाही. गिऱ्हाइकांच्या गाड्या आधी, घरची मागनं, असा गॅरेजचा नियम होता. जालिंदरची गाडी घरची होती.

क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, गळत होतं. जयंतीच्या आधी प्रबुद्धनेच ते बदललं होतं, आणि जयंतीची मिरवणूक संपायच्या आत ते पुन्हा गळू लागलं होतं. गाडी दुसऱ्या गॅरेजला न्यावी, तर सासरचं नाक कापल्यासारखं. म्हणून जालिंदरने वाटेत एक वाक्य घोकून पाठ केलं होतं: ‘पुढच्या खेपेपासून गाडी मी इस्लामपुरातच दाखवतो.’ वाक्यात एकही वाईट शब्द नव्हता. ते फक्त म्हणायचं होतं.

पोचल्याबरोबर चहा आला. चहा पिता पिता असलं बोलू नये, म्हणून त्याने कप खाली ठेवायची वाट पाहिली. तो कप ठेवतोय तोवर प्रबुद्धने बॉनेट उघडून इंजिनचं पुढचं झाकण काढलं होतं आणि टायमिंगचा पट्टा उतरवला होता.

“दाजी, जरा हिकडं या. ह्यो पाना धरा.”

जालिंदरने धरला. पट्टा ज्या दोन चाकांवर फिरतो, त्यांतल्या वरच्या चाकाच्या बोल्टवर पाना बसवलेला होता.

“आता ह्ये चाक हलू द्यायचं न्हाई. आत स्प्रिंगा हायत, त्या ढकलत्यात. चाक फिरलं तर व्हॉल्व पिस्टनवर आपटत्यात, मग इंजिनच खोलाय लागतं.”

“बांधून ठेवता येत नाही का?”

“ठेवायचा लॉक असतोय की. आपला पलीकडच्या गॅरेजवाल्या शंभूराजनं नेलाय. दाजी, तुमी हाय म्हटल्यावर लॉक कशाला पायजे?”

या कौतुकावर जालिंदरने पाना आणखी घट्ट धरला. प्रबुद्धने खालचं चाक काढलं, जुनं सील उचकटून बाहेर ओढलं, नवं सील लावून पाहिलं, आणि ते हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला.

“मापात न्हाई. बदलून आणतो. पाना सोडू नका, दाजी.”

फटफटी सुरू झाली आणि गेली.

आता जालिंदर बॉनेटखाली वाकलेला, दोन्ही हात पान्यावर, तोंड बॅटरीकडे. स्प्रिंगांचा जोर जाणवत होता. कुणीतरी आतून दार ढकलावं तसा. त्याचं नाक खाजायला लागलं. ते त्याने खांद्यावर घासलं. मग पाठ खाजायला लागली. तिला खांदा पोचत नव्हता.

गावातले नानासो रस्त्याने चालले होते, ते थांबले.

“काय पावणं, मेव्हण्यानं कामाला लावलं व्हय?”

“जरा धरलंय.”

“धरा, धरा. म्या बी एकदा असाच हिथं जॅक धरला हुता.”

“मग?”

“मग काय? आता म्या पलीकडच्या कडंनं जातो.” असं म्हणून नानासो खरोखरच पलीकडच्या कडेने निघून गेले.

अंजना माहेरच्या घरातून ताट घेऊन आली. जालिंदरचे हात मोकळे नाहीत म्हटल्यावर तिने बॉनेटखाली डोकं घालून त्याला भाकरी-कालवणाचा घास भरवला. लग्नात घास भरवताना तिने एवढी माया दाखवली नव्हती.

“मी आज सांगणार आहे त्याला,” जालिंदर चावत चावत म्हणाला.

“आवं, आता काय बोलू नका. इंजिन उघडं हाय.”

“मग जोडून झाल्यावर सांगतो.”

“जोडून झाल्यावर? त्यानं एवढं राबायचं आन् तुमी लगीच असं बोलायचं? बरं दिसतंय का?”

“मग काय, आधीच सांगायचं होतं?”

“आधी सांगितलं असतं, तर त्यानं उघडलंच नसतं.”

“अगं, तेच तर पाहिजे होतं!”

“ओरडू नका. पाना हलंल.”

तिने त्याच्या मिशीला लागलेलं कालवण पदराने पुसलं.

प्रबुद्ध आला तेव्हा जालिंदरची बोटं पान्यासारखीच घट्ट आणि बधिर झाली होती. या खेपेला सील नीट बसलं. प्रबुद्धने खालचं चाक बसवलं, नवा पट्टा चढवला, ताण दिला, हाताने क्रँक फिरवून खुणा जुळतात का ते दोनदा पाहिलं. “सोडा, दाजी.” जालिंदरने पाना सोडला, बोटांनी तो नंतर सोडला.

इंजिन सुरू झालं. खाली एक थेंब नाही. आता बोललं नाही, तर आणखी सहा महिने ट्रायल आणि मावश्या. अंजना डोळ्यांनी नको म्हणत होती. जालिंदरने डोळे मिटले आणि पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं.

प्रबुद्ध चिंधीला हात पुसत राहिला. मग एकदम खाली स्टुलावर बसला.

“दाजी, लय उपकार झालं बगा. मी ट्रॅक्टरचा मिस्त्री. तुमची गाडी आली की आदल्या रात्री झोप लागत न्हाई मला. ताईला किती येळा म्हटलं, दाजींना सांग. ती म्हणायची, त्यांस्नी वाईट वाटंल.”

दोघांनी अंजनाकडे पाहिलं. अंजना रिकामं ताट घेऊन घरात गेली.

जालिंदरला आपली पाठ सरळ होत असल्याचं स्पष्ट जाणवलं. त्याने मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत दोघं पहिल्यांदाच मोकळेपणी हसले.

“मंग इस्लामपुरात कुणाकडं टाकणार?” प्रबुद्धने विचारलं.

“बघतो. कुणीही चालेल. अनोळखी असला म्हणजे झालं.”

“अनोळखी कशाला, दाजी? आपला सुगत हाय की तिथं.” प्रबुद्धने फोन लावलासुद्धा होता. “माझ्या बायकोचा भाऊ. तुमच्याकडनं पैसं घेणार न्हाई.”