आठ थेंबांचं भाकीत

“ही मुताची नळी परत चुलीजवळ ठिवलीस व्हय गं सरू? उद्या आमटीत पडंल,” धोंडुबाई कुरकुरल्या. त्यांनी मला पदराच्या टोकात धरून उचललं आणि मागच्या खिडकीत नेऊन ठेवलं. वीस वर्षांत त्यांनी मला असं कितीदा उचललं असेल. पण एकदाही आपटलं नाही, हेही सांगायला हवं.

मित्रांनो, ती मुताची नळी म्हणजे मी. मी एक जुनी काचेची परीक्षानळी आहे. हल्ली माझा मुक्काम कोल्हापुरातल्या एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत, लाकडी स्टँडच्या तिसऱ्या भोकात असतो. तिथे विज्ञान शिकवणाऱ्या सरोजिनीताई, म्हणजे धोंडुबाईंची सरू, मला स्वतःच धुतात. मुलांच्या हाती देत नाहीत. काठाचा टवका उडालाय, पोटावर विटकरी झाक कायमची बसली आहे. पण सुखात आहे.

माझा जन्म भट्टीजवळचा. तापलेल्या काचेचं एक तोंड बंद करून कुणीतरी माझ्या तळाला गोलाई दिली. त्याचा चेहरा आठवत नाही, ऊब आठवते. मग भुशात गुंडाळून आम्हा बहिणींची पेटी कोल्हापूरच्या एका दुकानात आली. १९६३ साली कागलच्या एका शेतकरी बाईनं मला निवडलं. त्याच धोंडुबाई. सोबत सतरा वर्षांची मुलगी होती, तिला नुकताच मधुमेह निघाला होता. धोंडुबाईंनी दुकानदाराला विचारलं, “पावणं, ही किती दिस टिकंल?” पडली नाही तर जन्मभर, असं तो म्हणाला. खरं तर हाच प्रश्न त्यांना डॉक्टरांना मुलीबद्दल विचारायचा होता. तो त्यांनी विचारला नाही.

माझं काम सोपं. पोटात बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळीच राहिले तर साखर नाही. हिरवी झाले तर थोडी, पिवळी झाले तर बरीच, आणि विटकरी झाले की त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. माझा रंग बघून सरूताई इन्सुलिन टोचून घ्यायच्या आणि कॉलेजला जायच्या. पुढे त्या शिक्षिका झाल्या, आईला घेऊन कोल्हापुरात राहायला आल्या. दोनतीन स्थळं आली, ती खिडकीत मला बघून चहा अर्धा टाकून गेली. सरूताईंनी मला कधी दोष दिला नाही. उलट म्हणायच्या, माणसांची परीक्षासुद्धा ही बरी करते.

पेठेतले डॉक्टर तर म्हणत, ही नळी माझ्या आधी निदान करते. मी काचेची, मला फुगता येत नाही, म्हणून बरं. पुढे रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या आल्या आणि मी दीड वर्ष जुन्या वह्यांच्या ट्रंकेत पडून राहिले. पट्ट्या मिळेनाशा झाल्या तेव्हा धोंडुबाईंनीच मला शोधून काढलं, राखेनं घासलं आणि कुरकुरत खिडकीत ठेवलं.

१९८४ च्या दिवाळीनंतर सरूताईंच्या पायांवर सूज आली. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या थकत चालल्या आहेत. मुंबईला नवी बसवतात, पण ती रक्ताच्या नात्यातली हवी. डॉक्टरांना वाचनाचा नाद होता. ते म्हणाले, परदेशात तर आता स्वादुपिंडच बदलायला लागलेत, म्हणजे साखरेचं मूळच. जिवंत माणसाचा अर्धा तुकडासुद्धा घेतात. पण कुणाचा चालेल, किती दिवस टिकेल आणि देणाऱ्यालाच पुढे मधुमेह होईल का, याचे आडाखे अजून कच्चे आहेत. हे ऐकताना सरूताईंचा धाकटा भाऊ कृष्णात उठला, म्हशीला पाणी दाखवून येतो म्हणाला आणि बाहेर गेला. म्हैस कागलला होती.

धोंडुबाईंचं वय झालेलं, त्यात रक्तदाब. कृष्णातचा रक्तगट जुळला. मग काय, सगळ्यांनी ठरवून टाकलं. भावकी म्हणाली, कृष्णात देईल. शेजारच्या शालूबाई म्हणाल्या, एवढा धट्टाकट्टा गडी, त्याला काय हुतंय. धोंडुबाई म्हणाल्या, माझा लेक हाय, देणारच. कृष्णातला कुणी विचारलं नाही. मित्रांनो, मला वापरलं की लगेच धुवा, गरम असताना गार पाण्यात बुडवू नका, एवढीच माझी माझ्यासाठी विनंती. माणसांसाठी मात्र वेगळी आहे: कुणाकडून काही घ्यायचं असेल तर त्याच्या मनात काय आहे ते आधी विचारा. ते दाखवणारी नळी अजून निघालेली नाही.

मुंबईला जाण्याआधी डॉक्टरांनी एक अट घातली. घराणं मधुमेहाचं, म्हणून देणाऱ्याच्या लघवीत आठवडाभर साखर दिसता कामा नये. ते काम माझ्याकडे आलं. कृष्णात रोज सकाळी कागलहून दुधाच्या टेंपोतून यायचा, बाटली भरून द्यायचा आणि माझ्याकडे पाठ करून बसायचा. चार दिवस मी निळीच राहिले. धोंडुबाई रोज देवाला हात जोडायच्या आणि पोराला शिरा करून घालायच्या.

पाचव्या दिवशी कृष्णात पाठ करून बसला नाही. अगदी जवळ येऊन बघत राहिला. आठ थेंब पडले, द्रावण उकळलं, मी निळीची निळीच. तो म्हणाला, अजून जरा तापव की आक्का. मला आणखी तापवा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सरूताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. बाटलीच्या काठावर मुंग्यांची रांग लागली होती आणि तळाशी पांढरे कण होते.

विज्ञानाच्या बाईंना उलगडायला वेळ लागला नाही. नववीच्या वर्गाला हे त्या दरवर्षी दाखवत. आपण चहात घालतो ती उसाची साखर माझ्यातल्या निळ्या द्रावणाचा रंग बदलू शकत नाही. आजाऱ्याच्या लघवीत उतरते ती साखर वेगळी, तीच मला ओळखता येते. कृष्णातनं स्वयंपाकघरातल्या डब्यातली दोन चमचे साखर बाटलीत ढवळली होती. पास होऊ नये म्हणून.

सरूताईंनी दिवा विझवला, मला चिमट्यासकट स्टँडला टेकवलं. आवाज न चढवता म्हणाल्या, “भ्याला असशील तर तसं सांग, कृष्णात. मी रागवणार न्हाय.”

त्यानं बाटलीच्या काठावरची एक मुंगी बोटानं बाजूला केली.

“कापण्याला न्हाय भ्यालो, आक्का. एक काय, दोन्ही काढा म्हणावं. पर समदी म्हणत्यात, कृष्णात दील आन् सरू बरी हुईल. आन् माझी घालून बी तू न्हाय ऱ्हायलीस तर? मग आये माझ्याकडं कशी बघंल?”

दारात शिऱ्याची ताटली घेऊन धोंडुबाई उभ्या होत्या. त्या परत वळल्या. सरूताईंनी त्यांना हाक मारली आणि दोघांच्या मध्ये बसवलं. मी अजून गरम होते.

“आये, नीट ऐक,” सरूताई म्हणाल्या. “किडनी बसवली तरी मी मरू शकते. डॉक्टरला ठावं न्हाय, कुणालाच ठावं न्हाय. मेले तर माझ्या रोगानं मरंन, ह्याच्या किडनीनं न्हाय. ह्यानं दिली तरी आन् न्हाय दिली तरी, तू ह्याच्याकडं आज बघतीस तसंच बघायचं.”

धोंडुबाईंनी शिऱ्याची ताटली कृष्णातपुढे सरकवली, आणि सहाव्या दिवशी त्यानं दिलेल्या बाटलीच्या काठावर एकही मुंगी नव्हती.